विमानं असताना लडाखला ट्रक कशाला?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलं आहे : "आपल्याकडे सी-१७ ही मोठी मालवाहू विमानं आहेत, चिनूक हेलिकॉप्टर आहेत, अटल बोगदाही झाला. तरी लष्कर दर उन्हाळ्यात ट्रकांच्या रांगा लावून लडाखमध्ये हिवाळ्याचं सामान भरतं. ही पद्धत आता जुनी झाली नाही का? आणि झोजीला खिंडीचा बोगदा झाला की हे सगळं थांबेल का?"

मी २६ वर्षं सेना सेवा कोअरमध्ये, म्हणजे एएससीत होतो. १९९१ मध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यातला बराच काळ श्रीनगर-लेह आणि मनाली-लेह या दोन रस्त्यांवर गेला, आधी स्टिअरिंगमागे आणि नंतर कॉन्व्हॉयचा, म्हणजे ट्रकांच्या ताफ्याचा, जेसीओ (कनिष्ठ अधिकारी) म्हणून. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तुम्ही विचारताय ते असं की सामान लेहपर्यंत न्यायला सगळ्यात चांगलं साधन कोणतं. आमच्या डोक्यात कायम वेगळा प्रश्न असायचा. जानेवारीतल्या एखाद्या रात्री, वारं सुटलेलं असताना, पुढच्या पोस्टवरच्या जवानानं जेरीकॅन उघडला तर त्यात रॉकेल असेल का? पहिला प्रश्न साधनाचा आहे, दुसरा वेळेचा आणि जागेचा. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं आपोआप मिळतं.

माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यातलं. तिथे मृग लागायच्या आत आजी पावसाळ्याची बेगमी करायची. भात, नाचणी, मीठ, मिरची, सरपण, गुरांचा चारा, सगळं घरात आलेलं असायचं. कोकणात याला आगोट म्हणतात. पाऊस लागला की ओढे चढायचे आणि बाजाराची वाट बंद व्हायची. लष्कर लडाखमध्ये करतं त्याला आमच्याकडे अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात. ती ही बेगमीच आहे, फक्त घर हजारो माणसांचं आणि पावसाच्या जागी बर्फ. पन्हाळ्यावर अंबरखान्याची गंगा कोठी पाहिली असेल तर तिथे उभं राहून विचार करा. एवढं प्रचंड धान्यकोठार गडावर बांधलं, कारण वेढा पडल्यावर धान्य आणायला कोणी खाली उतरू शकत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगतो, कारण "लडाख" असं एकच ठिकाण नाही. लेह शहराला विमानतळ आहे आणि बारमाही विमानसेवा आहे. द्रास-कारगिल रस्त्यावर आहेत, पण झोजीला बंद झाला की काश्मीरकडून तुटतात. त्या रस्त्यावरून वर डोंगरात ज्या पोस्ट आहेत, त्यातल्या कित्येक स्वतःच्याच पायवाटेवर बर्फ पडल्यामुळे तुटतात, मग खालचा हमरस्ता उघडा असो वा नसो. त्यांना आम्ही कट-ऑफ पोस्ट म्हणायचो. सियाचीनचा हिशोब आणखी वेगळा आणि पार उत्तरेच्या टोकाला असलेल्या दौलत बेग ओल्डीचा त्याहून वेगळा. म्हणून "किती साठा लागतो" याचं एक उत्तर नाही. ती जागा किती दिवस तुटते, तिथे माणसं किती आणि मधेच काही पोहोचवायची वेळ आली तर वाट कोणती, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

रस्ते कोणते ते थोडक्यात. श्रीनगरहून सोनमर्ग, झोजीला, द्रास, कारगिल करत लेह साधारण ४३० किलोमीटर. झोजीला साडेअकरा हजार फुटांच्या पुढे आहे. लडाखच्या मानाने ही उंची फार नाही, पण तिथे बर्फ प्रचंड पडतो आणि कडे कोसळतात. दुसरा रस्ता मनालीहून, पूर्वी पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. रोहतांगच्या खालून आता अटल बोगदा आहे. तो ९.०२ किलोमीटरचा असून ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. पण त्याच्यापुढे बारालाचा आणि लाचुंग या खिंडी आहेत, आणि तांगलांग ला ही खिंड तर १७,००० फुटांच्या वर. बोगद्यानं पहिलं दार उघडलं, आतली दारं तशीच आहेत. हे बातम्यांमध्ये फारसं येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की मनालीचा रस्ता बारमाही झाला. तिसरा निम्मू-पदुम-दारचा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला. त्याच्यावर शिंकू ला ही खिंड आहे आणि त्याच्याखालून बोगद्याचं काम सुरू झालं आहे.

आता विमानांकडे येऊ. यासाठी साधा हिशोब करून दाखवतो. लष्कराची खरी परिमाणं मी इथे लिहिणार नाही, हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. एका माणसाला दिवसाला रेशन, स्वयंपाकाचं आणि ऊब राखण्याचं इंधन मिळून चार किलो धरू. सहा महिन्यांचे १८० दिवस. १,००० माणसांना ७२० टन लागतात. ५०,००० माणसं धरली तर ३६,००० टन. पाच टनी ट्रकच्या भाषेत ७,२०० खेपा. यात दारूगोळा नाही, सिमेंट नाही, पत्रे नाहीत, कपडे नाहीत, गाड्यांचे सुटे भाग नाहीत, औषधं नाहीत.

हेच विमानानं न्यायचं म्हटलं तर? सी-१७ ची कमाल क्षमता ७७ टनांच्या आसपास आहे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांवर आहे, हवा विरळ, भोवती डोंगर, आणि दुपारी वारं सुटतं म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळची. एका खेपेला सरासरी ४० टन धरू. म्हणजे ९०० उड्डाणं. १८० दिवसांत वाटली तर रोज पाच, एकही सुट्टी नाही, एकही ढगाळ सकाळ नाही. कागदावर हे अशक्य वाटत नाही, हे मी मान्य करतो. लेहला एक सोयही आहे. विमान भरलेलं उतरतं आणि रिकामं उडतं, आणि विरळ हवेत जास्त त्रास असतो तो उडताना.

मग का नको? कारण सी-१७ आपल्याकडे ११ आहेत. त्यांच्यावर नजर ठेवून सगळा देश असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा मदत घेऊन तीच गेली. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांना आणायलाही तीच होती. जे विमान रोज आटा आणि डाळ वाहतं, ते ज्या दिवशी रणगाडा न्यायचा असेल त्या दिवशी मोकळं नसतं. हा माझ्या उत्तराचा गाभा आहे : उन्हाळ्यात ट्रक भरायचे ते विमान मोकळं राहावं म्हणून.

२०२० पाहा. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले. त्यानंतर पूर्व लडाखमध्ये प्रचंड कुमक गेली. मी तेव्हा निवृत्त होतो, गावी होतो, आणि माझ्या हाताखाली तयार झालेली पोरं वर होती. सी-१७ आणि आयएल-७६ मधून रणगाडे, चिलखती गाड्या आणि हजारो सैनिक लेहला उतरले. चिनूक पुढच्या भागात फिरत होती. त्याच वेळी खाली रस्त्यांवर कॉन्व्हॉय दिवसरात्र चालू होते, कारण एवढी माणसं थंडीत राहणार म्हणजे त्यांच्यासाठी नव्यानं बेगमी करायची, आणि हातात हंगामाचे उरलेले महिनेच होते. विमानानं माणूस आणि शस्त्र वेळेत पोहोचवलं, ट्रकनं त्यांना हिवाळाभर तिथे उभं ठेवलं. या दोन कामांची तुलना करून एकाला जुनं म्हणणं मला पटत नाही.

हवाई वाटेचं मोल आम्हाला कळत नाही असं समजू नका. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी घेऊन डकोटा लेहच्या वाळूत उतरवलं. तिथे तयार धावपट्टीच्या नावाखाली जेमतेम सपाट केलेली जमीन होती. ते विमान उतरलं म्हणून पाकिस्तानी हल्लेखोरांपासून लेह वाचलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स रणगाडे चुशुलला पोहोचवले. पण दोन्ही प्रसंगांत विमान आलं ते संकटाच्या क्षणी, आणि ते तिकडे वळवता आलं म्हणून.

आपल्या इतिहासातलं एक उदाहरण मला कधी विसरता येत नाही. पानिपतावर भाऊसाहेबांची फौज १७६० च्या अखेरीस दोन महिन्यांहून जास्त काळ अडकून पडली. दिल्लीकडची वाट अब्दालीनं अडवली होती. दुआबातून रसद गोळा करणारे आणि शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि धान्याची ती वाटही आटली. फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायकापोरं होती, बाजारबुणगे होते, आणि त्या सगळ्यांची पोटं त्याच शिध्यावर. १४ जानेवारीला जे लढायला निघाले ते उपाशी होते. शाळेत आम्हाला तोफखाना आणि गारदी शिकवले, शिध्याचं कोणी सांगितलं नाही. मला तो कळला कोअरमध्ये आल्यावर.

आता रस्त्यावरचं काम. लोकांना वाटतं कॉन्व्हॉय म्हणजे ट्रक एकामागोमाग चालवणं. खरा हिशोब फेरीचा असतो. पठाणकोटहून श्रीनगरमार्गे लेह ८०० किलोमीटरच्या आसपास. गाडी माल घेऊन वर जाते, उतरवते, खाली येते, तपासली जाते, ड्रायव्हर विश्रांती घेतो, पुन्हा भरते. एका फेरीला दोन आठवडे धरले तर मे ते नोव्हेंबरच्या हंगामात कागदावर बारा-तेरा फेऱ्या बसतात. प्रत्यक्षात दरड कोसळते, ढगफुटी होते, खिंडीत एकेरी वाहतूक असते, एखाद्या दिवशी खालून वर सोडतात, दुसऱ्या दिवशी वरून खाली. आठ-नऊ फेऱ्या झाल्या तर हंगाम चांगला. म्हणजे ७,२०० खेपांसाठी ८०० ते ९०० गाड्या सतत फिरत्या ठेवाव्या लागतात, आणि हे फक्त पोटाचं आणि उबेचं. त्यामुळे लष्कराच्या गाड्यांबरोबर भाड्यानं घेतलेले खासगी ट्रकही असतात. त्यांना आम्ही सीएचटी म्हणायचो, सिव्हिल हायर ट्रान्सपोर्ट. पंजाब, हिमाचल आणि काश्मीरचे ते ड्रायव्हर. त्यांना ना पदक, ना पेन्शन. दरवर्षी त्यांच्यातलेही काही जण त्या दऱ्यांमध्ये जातात. त्यांचं नाव या विषयात निघत नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

फेरी लवकर व्हावी म्हणून वेग वाढवायचा नसतो. कॉन्व्हॉयचा वेग सगळ्यात हळू गाडीवर ठरतो, म्हणून जड गाडी पुढे ठेवायची. ती मागे ठेवली की रांग लांबते, मधे फट पडते, आणि पुढच्या चौकीवर अर्धा कॉन्व्हॉय आत आणि अर्धा बाहेर राहतो. शेवटी रिकव्हरी गाडी आणि मेकॅनिक. मनालीच्या रस्त्यावर आम्ही पहाटे काळोखातच निघायचो, कारण ऊन चढलं की बर्फ वितळून नाल्यांचं पाणी वाढतं. सकाळी आठला जो नाला गुडघाभर असतो तो दुपारी तीनला ट्रक ओढून नेऊ शकतो. नवीन ड्रायव्हरला हे सांगून पटत नाही. एकदा दुपारी तिथे उभा करून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

ड्रायव्हरच्या शरीराचंही असंच. पायदळाच्या जवानाला उंचीची सवय करायला ठरलेले दिवस मिळतात : ९,००० ते १२,००० फुटांसाठी सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, त्यापुढे आणखी चार. कॉन्व्हॉयचा ड्रायव्हर मात्र सतत चढतो आणि उतरतो. श्रीनगरचा रस्ता हळूहळू चढतो, तो शरीराला सोसतो. मनालीकडून सरचू किंवा पांगला रात्र काढावी लागली की डोकं ठणकतं, झोप लागत नाही, आणि सकाळी त्याच माणसाला घाटात दहा टनांची गाडी सांभाळायची असते. मी जेसीओ झाल्यावर एक नियम कडक पाळला. सकाळी निघताना प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलायचो. जो उत्तर द्यायला वेळ लावतो किंवा भलतंच बोलतो त्याची गाडी त्या दिवशी दुसऱ्याकडे. यावरून माझ्यावर नाराज झालेले होते, पण माझ्या कॉन्व्हॉयमध्ये झोपेनं गाडी गेली नाही.

१९९९ चा उन्हाळा या रस्त्यानं वेगळाच पाहिला. घुसखोर तोलोलिंगच्या शिखरावर बसले होते ते उगाच नाही, तिथून द्रासजवळचा रस्ता थेट दिसतो. तोफेचा मारा रस्त्यावरच यायचा. मी तेव्हा नाईक होतो. रात्री दिवे बंद करून गाड्या काढायचो, पुढच्या गाडीच्या मागे लावलेला पांढरा पट्टा पाहत. १३ जूनला तोलोलिंग परत घेतलं आणि रस्त्यावरचा श्वास मोकळा झाला. शत्रूला आपला रस्ता तोडावासा वाटला, यातच त्या रस्त्याचं उत्तर आहे.

इंधनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हिवाळ्याच्या बेगमीत सगळ्यात अवघड तेच. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, त्यातलं मेण बाहेर येतं आणि फिल्टर तुंबतो. पूर्वी सकाळी इंजिनाच्या तळाशी, ऑइल साठतं त्या भांड्याखाली शेगडी ठेवून गाड्या गरम करायचो. धोक्याचं होतं, पण दुसरा उपाय नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. ज्यानं पहाटे पाच वाजता बर्फात शेगडी फुंकली आहे त्यालाच या बातमीचा आनंद कळेल. रॉकेलचं दुखणं वजनाचं. २० लिटरचा जेरीकॅन डब्यासकट वीस किलोच्या आसपास. रस्त्याच्या शेवटापर्यंत बॅरल चालतात, तिथून पुढे जेरीकॅनच. आणि बर्फातली पोस्ट रॉकेलवर तीन कामं करते : स्वयंपाक, ऊब, आणि बर्फ वितळवून पाणी. तिसरं काम लोक विसरतात. बर्फाचा प्रदेश आहे, पण पाणी इंधन जाळल्याशिवाय मिळत नाही.

रेशनमध्ये आटा, तांदूळ, डाळ, साखर, दूध पावडर, टिनबंद माल, हे सगळं नीट टिकतं. दगा देतात ते कांदे-बटाटे आणि अंडी. अंडं गोठलं की तडकतं. कांदा गोठून सुटला की त्याचा लगदा होतो. बटाटा नुसत्या थंडीनंसुद्धा गोडूस लागायला लागतो, स्टार्चची साखर होते म्हणून. म्हणून ताजा भाजीपाला जितका लडाखमध्येच मिळेल तितका चांगला. लेहमध्ये डीआरडीओची दिहार ही संस्था थंड वाळवंटातल्या शेतीवर वर्षानुवर्षं काम करते आहे, तिथले शेतकरी लष्कराला भाजी पुरवतात. कोबीचा एक ट्रक लेहच्या परिसरातच भरला गेला की झोजीलावरून येणारा एक ट्रक वाचतो, आणि पैसा लडाखी घरात जातो.

आता एक प्रसंग. कोणत्या वर्षी आणि कुठे ते सांगत नाही. एका हंगामात आमचं टनांचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं. आटा पोहोचला, रॉकेल पोहोचलं, सगळ्यांची पाठ थोपटली गेली. डिसेंबरमध्ये एका कट-ऑफ पोस्टवरून वायरलेस आला की स्टोव्हच्या पिना आणि वॉशर संपले आहेत. रॉकेलचे डबे भरलेले, पण पेटवायचं कशात? त्या पेटीचं वजन इतकं कमी होतं की ती "पुढच्या गाडीत टाकू" म्हणत मागे राहिली होती आणि पुढची गाडी कधी निघालीच नाही. चूक आमच्या साखळीतली होती, तीत मीही होतो. तिसऱ्या दिवशी हवा उघडल्यावर एका हेलिकॉप्टरनं दोन किलोचं पाकीट तिथे टाकलं. ते तीन दिवस त्या पोरांनी एका स्टोव्हवर काढले. तेव्हापासून माझ्याकडे दोन याद्या असायच्या, एक टनांची आणि एक अशा वस्तूंची ज्यांचं वजन काहीच नाही पण ज्यांच्यावाचून टन निरुपयोगी. दुसरी यादी मी स्वतः गाडीत चढून तपासायचो. ते पाकीट न्यायला हेलिकॉप्टर मोकळं मिळालं, कारण ते त्या वेळी आटा वाहत नव्हतं. आधी विमानाबद्दल जे म्हटलं तेच इथे लहान प्रमाणात.

रस्ता जिथे संपतो तिथून पुढचा टप्पा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महाग. तिथे खेचर, पोर्टर आणि हेलिकॉप्टर. चीता हेलिकॉप्टर सियाचीनच्या उंच पोस्टवर एका खेपेला जे नेतं ते किलोंत मोजावं लागतं, टनांत नाही. खेचर सत्तरेक किलो नेतं. पण ते खातंही. दिवसाला पाच-सहा किलो दाणा-चारा धरला आणि पोस्ट तीन दिवसांच्या वाटेवर असली, तर जाऊन-येऊन त्यालाच तीस-पस्तीस किलो लागतात. म्हणून वाटेत चाऱ्याचे टप्पे आधी भरावे लागतात, म्हणजे बेगमीसाठी आणखी एक बेगमी. आमच्या अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्टची पेडोंगी नावाची खेचरी १९७१ च्या लढाईत शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवरच्या मशीनगनसकट निसटून आपल्या चौकीवर परत आली. पुढे तिचा दिल्लीत सन्मान झाला आणि १९९८ मध्ये ती गेली. त्या तुकडीचे जवान तिची गोष्ट नवीन पोरांना अजून सांगतात.

१५ जानेवारी २०२५ ला आर्मी डेची परेड पुण्यात झाली. तिथे यंत्रखेचरं, म्हणजे ओझी वाहणारे चार पायांचे रोबो, चालताना पाहिली. मला मनापासून बरं वाटलं. ज्या वाटांवर माझ्या ओळखीची माणसं आणि जनावरं घसरून गेली तिथे ते यंत्र चढलं तर मी आनंदानं टाळ्या वाजवीन. ओझं नेणारे ड्रोनही आता येत आहेत. त्यांची खरी परीक्षा बॅटरीची आहे, कारण थंडीत बॅटरीची ताकद झपाट्यानं उतरते आणि विरळ हवेत पंख्यांना जास्त जोर लावावा लागतो. पोर्टर मात्र अजून लागतात. नुब्रा आणि कारगिलकडचे हे गावकरी हिमनदीवर जी ओझी नेतात, त्यांच्याशिवाय वरच्या पोस्ट टिकणं मला कल्पनेतही जमत नाही.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. विमानाचं मोठेपण ते अचानक कुठेही वळवता येतं यात आहे, म्हणून त्याला रोजच्या ओझ्यात गुंतवायचं नाही. ट्रकचं मोठेपण ढीग वाहण्यात आहे, पण त्याला उघडा रस्ता लागतो, म्हणून उन्हाळा. आणि शेवटच्या टप्प्यावर दोघांनाही जागा नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बोगद्यांचा. इथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. झोजीला पूर्वी पाच-सहा महिने बंद असायचा. सीमा सडक संघटनेनं बर्फ काढण्याचं काम इतकं नेटानं केलं आहे की २०२३ मध्ये तो ६८ दिवसांनी उघडला, २०२४ मध्ये ३५ दिवसांनी आणि २०२५ मध्ये ३२ दिवसांनी. हे आकडे वाचताना मी थांबलो होतो, कारण माझ्या उमेदीत एप्रिलच्या आधी झोजीला पार करायचा विचारही कोणी करत नसे. १३ जानेवारी २०२५ ला सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. त्याच्यापुढचा झोजीलाचा बोगदा १३ किलोमीटरहून लांब आहे आणि काम सुरू आहे. ६ जून २०२५ ला चिनाबच्या पुलाचं उद्घाटन झालं आणि रेल्वे कटराहून थेट काश्मीर खोऱ्यात पोहोचली. म्हणजे पठाणकोट-श्रीनगर हा फेरीतला मोठा तुकडा ट्रकवरून रेल्वेवर जाऊ शकतो. हा बदल मला बोगद्याइतकाच मोठा वाटतो, कारण फेरी लहान झाली की त्याच गाड्या जास्त खेपा करतात.

त्यामुळे लेह, कारगिल, द्रास यांच्यासाठीचा साठा कमी करता येईल. किती, ते ठरवणारे तिथे बसलेले आहेत, पण दिशा तीच राहील. पूर्ण थांबणार नाही, याची कारणं दोन. बोगद्याच्या दोन्ही तोंडांपुढचा रस्ता उघड्यावरच असतो, तिथे कडे कोसळायचे थांबत नाहीत. आणि एकच बारमाही रस्ता असला की शत्रूचं लक्ष त्याच्यावरच जातं, १९९९ मध्ये गेलं तसं. म्हणून तिसरा निम्मू-पदुम-दारचा रस्ता महत्त्वाचा आहे, आणि म्हणून साठ्याचा एक भाग कायम ठेवावा लागेल.

वरच्या कट-ऑफ पोस्टचं तर काहीच बदलत नाही. तिथे बोगदा जात नाही. नोव्हेंबरात शेवटची खेचरं रिकामी होऊन खाली उतरतात, मागे वाट बुजायला लागते, आणि पोस्टवरचा हवालदार टॉर्च घेऊन जेरीकॅन मोजतो. मग पुन्हा मोजतो. वहीत आकडा लिहितो, खाली सही करतो आणि त्याला उन्हाळ्यापर्यंतच्या दिवसांनी भागून रोज किती डबे उघडायचे ते दाराजवळच्या फळीवर खडूनं लिहून ठेवतो.